रंगीत हिरा घेताना या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी चवथीच्या तोंडावर म्हापशात आमच्या पेढीवर एक तारवटी आला. बोटीवरच्या पगारातून परदेशातल्या कुठल्याशा बंदरात बायकोसाठी घेतलेली गुलाबी हिऱ्याची अंगठी त्याच्या खिशात होती. "शेट, हिरा धरणारं एक नख सैल झालंय, तेवढं घट्ट करून द्या. चवथीला घालायची आहे." काम किरकोळ म्हणून मी भिंग उचललंच नाही. कारागिराने आचेवर डाग दिला (सोन्याचा सांधा जोडला), अंगठी आम्लात टाकली. बाहेर काढली तर हिऱ्याची एक बाजू पिवळट पांढरी पडलेली! मग भिंगाखाली धरलं. उरलेल्या पैलूंच्या कडांवर गुलाबी रंग घासला जाऊन बारीक पांढऱ्या रेघा उमटलेल्या दिसल्या. हिरा खरा होता, रंग मात्र वरचा मुलामा. तो परत आला तेव्हा त्याच्याकडे बघणं मला जड गेलं.

म्हणून पहिली चूक तीच सांगतो: रंगीत हिरा न तपासता दुरुस्तीला देणं. मुलामा आच आणि आम्ल दोन्हीने जातो. किरणोत्सर्ग देऊन रंगवलेल्या हिऱ्याचा रंग आचेने बदलतो, आणि नैसर्गिक हिरवा हिरासुद्धा तापवला तर बिघडू शकतो. डाग द्यायचा असेल तर आधी हिरा कोंदणातून काढायला सांगा.

दुसरी चूक: रंग बघायचा, पण तो कशामुळे आला ते विचारायचं नाही. किंमत सगळी या कारणात आहे. शुद्ध कार्बनच्या हिऱ्याला रंग नसतो. नायट्रोजन मिसळला की हिरा पिवळा होतो, बोरॉनने निळा. हिरव्याला आजूबाजूच्या खडकातला नैसर्गिक किरणोत्सर्ग कारणीभूत असतो. गुलाबी आणि लाल रंग बहुधा भूगर्भातल्या दाबाने स्फटिकाची रचनाच वाकल्यामुळे येतो. फ्रेंच व्यापारी तावेर्नियेने सतराव्या शतकात भारतातून नेलेला निळा हिरा कापून पुढे ज्याचा 'होप' झाला, तो 45.52 कॅरेटचा खडा बोरॉनमुळेच निळा आहे. हेच रंग आता प्रयोगशाळेतही आणता येतात. डोळ्याला फरक कळत नाही, मलाही कळत नाही. हिरव्याचं तर असं आहे की कधीकधी मोठ्या प्रयोगशाळाही रंग निसर्गाचा की माणसाचा हे ठरवू शकत नाहीत आणि तसं लिहून देतात.

शिवाय सगळे रंग सारखे दुर्मीळ नसतात. तपकिरी हिरे भरपूर निघतात. 'शॅम्पेन', 'कॉन्याक' ही त्यांची बाजारातली गोड नावं. पिवळे त्यामानाने मिळतात. निळे, गुलाबी फार थोडे, आणि खरा लाल म्हणजे नशीबच. जगातले 90 टक्क्यांहून जास्त गुलाबी हिरे देणारी ऑस्ट्रेलियातली अर्गाइल खाण नोव्हेंबर 2020 मध्ये बंद झाली. तिथेही निघायचे ते बहुतेक तपकिरीच.

तिसरी चूक: हिऱ्यासोबतच्या प्रयोगशाळेच्या रिपोर्टवरचा रंगाचा शब्द घाईत वाचणं. इथे लाखांचा फरक पडतो, म्हणून सावकाश वाचा. 'ब्राउनिश पिंक' म्हणजे तपकिरी झाक असलेला गुलाबी, आणि 'पिंकिश ब्राउन' म्हणजे गुलाबी झाक असलेला तपकिरी. मुख्य रंग नेहमी शेवटचा. त्याआधी तीव्रता असते: फॅन्सी लाइट, फॅन्सी, फॅन्सी इंटेन्स, फॅन्सी विविड. पिवळ्यात 'लाइट' आणि 'विविड' यांच्या भावात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मग 'ओरिजिन' (रंगाचा उगम) पाहा, तिथे 'नॅचरल' हवं. जीआयए (हिरे तपासणारी अमेरिकी संस्था) मुलाम्याच्या हिऱ्याला रिपोर्ट देतच नाही. रिपोर्टचा नंबर त्यांच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. हिऱ्याच्या कडेवर लेसरने कोरलेला नंबर असेल तर तोही भिंगातून जुळवून घ्या.

चौथी चूक: हॉलमार्क आहे म्हणून निर्धास्त राहणं. मडगाव, पणजी, फोंडा, कुठेही गेलात तरी ही गैरसमजूत भेटते. सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्यावरचा हॉलमार्कचा ओळख क्रमांक, सोन्याची शुद्धता सांगतो, हिऱ्याबद्दल एक अक्षर नाही. दुकानातलं टोचून बघायचं यंत्रही तसंच. उष्णता मोजणाऱ्या साध्या यंत्राला मोइसनाइटही (हिऱ्यासारखा दिसणारा दुसराच खडा) हिरा वाटतो. प्रयोगशाळेतला किंवा रंगवलेला हिरा तर हिराच असतो, तिथे ते रंगाबद्दल काय सांगणार?

दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली हिरा पसंत करू नका. पांढऱ्या कागदावर ठेवून दारापाशी, सावलीतल्या उजेडात बघा. बंद कोंदण असेल तर खाली रंगीत वर्ख नाही ना, हे विचारा. आजीच्या दागिन्यांत तो सर्रास सापडतो.

आणि लिलावाच्या बातम्या वाचून गुंतवणूक म्हणून घेऊ नका. 'पिंक स्टार' 2017 मध्ये हाँगकाँगला 7 कोटी 12 लाख डॉलरला गेला, पण तो 59.60 कॅरेटचा होता. अर्ध्या कॅरेटचा फिकट पिवळा विकायला नेलात तर दिलेल्या किमतीच्या जवळपासही भाव मिळत नाही. आवडला म्हणून घ्या, हौसेने घाला.

आधीच घेतलाय आणि शंका आली? घासू नका, उकळू नका, दुरुस्तीला टाकू नका. आधी मुंबईच्या प्रयोगशाळेतून तपासून घ्या. फसवणूक निघाली तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मात्र बिलावर 'नैसर्गिक हिरा, नैसर्गिक रंग', वजन आणि रिपोर्ट नंबर असेल तर दाव्याला जोर येतो. त्या तारवट्याने बिल जपून ठेवलं होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून. मी ते उलगडून दोनदा वाचलं. त्यावर 'पिंक डायमंड रिंग' एवढेच तीन शब्द होते.