सोलापुरात भाड्याने घर घेताना आधी पाणी पाहावे

सोलापुरात घर शोधायला येणारा माणूस बहुधा खोल्या किती, भाडे किती आणि स्टेशन किती लांब, हे प्रश्न घेऊन येतो. त्याने या सर्वांच्या आधी नळाला पाणी किती दिवसांआड येते, किती वेळ टिकते आणि ते साठवण्याची घरात काय सोय आहे, हे विचारावे. शहराला उजनी धरणाचे, टाकळीजवळ भीमा नदीतून उचललेले आणि हिप्परगा तलावाचे पाणी मिळते. तरीही कित्येक वर्षे येथील कुटुंबांचा आठवडा पाण्याच्या पाळीप्रमाणे चालत आला आहे.

मी येथे राहायला आलो तेव्हा विजापूर रस्त्याच्या बाजूला तिसऱ्या मजल्यावरचे घर केवळ गॅलरीतला वारा पाहून घेतले होते. गच्चीवर पाचशे लिटरची एकच टाकी होती आणि ती दुसऱ्याच संध्याकाळी कोरडी पडली. समोरच्या काकूंनी भरलेल्या दोन कळशा दारात आणून ठेवल्या आणि म्हणाल्या, "ओ, पाणी कवा येतंय ते आधी इचारायचं, खोल्या मग बघायच्या." पुढे मी ज्यांना ज्यांना घर शोधायला मदत केली, त्या प्रत्येकाला हे वाक्य जसेच्या तसे सांगत आलो आहे.

याचा हिशोब सोपा आहे. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर हा शासकीय मापदंड धरला, तर चार माणसांच्या घराला दिवसाला ५४० लिटर आणि पाळी पाच दिवसांनी येत असेल तर २,७०० लिटर पाणी लागते. काटकसरीने वापरले तरी जमिनीखालचा हौद आणि गच्चीवरची टाकी मिळून दोन हजार लिटरांची साठवण असावी. हौद किती बिऱ्हाडांत वाटला जातो, मोटार कोण चालू करतो आणि तिचे वीजबिल कोणाच्या मीटरवर पडते, हे घरमालकाला विचारावेच, पण शेजाऱ्यालाही विचारावे. बोअर असेल तर उन्हाळ्यात तिचे पाणी टिकते का, याची चौकशी करावी आणि पाणी जड आहे की नाही, हे न्हाणीघरातील नळाच्या तोटीवर साचलेल्या पांढऱ्या थरावरून ओळखावे.

पाण्यानंतर ऊन. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जाणे येथे नित्याचे आहे आणि वरच्या मजल्यावरचा स्लॅब दिवसभर तापून मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. म्हणून घर सकाळी पाहून पसंत करू नये. दुपारी तीनच्या सुमारास जावे, पश्चिमेकडील भिंतीला हात लावून पाहावा आणि कूलर ठेवण्याजोगी खिडकी आहे का, ते तपासावे. जुन्या पेठांतील माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची घरे उन्हाळ्यात सुखाची असतात, मात्र पावसाळ्यात छत कोठे गळते, हे आधीच्या भाडेकरूकडून समजून घ्यावे.

कोणत्या भागात राहावे, हे शहराच्या जडणघडणीवरून ठरते. १८७७ साली येथे पहिली कापड गिरणी उभी राहिली, जिला सोलापूरकर आजही जुनी गिरणी म्हणतात. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू आणि जाम या गिरण्यांनी शहराला रोजगार दिला. त्या सर्वांचे भोंगे थांबले, तरी विणकाम यंत्रमागांवर चालू राहिले. साखर पेठ, अशोक चौक, दत्तनगर हा पूर्व भाग चादरी आणि टॉवेलांचा. तेथे घराघरांत तेलुगू ऐकू येते आणि अनेक गल्ल्यांत मागांची खटखट दिवसभर चालते. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याने किंवा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने तेथे घर पाहताना माग चालू असतानाच जाऊन यावे. अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत काम असेल, तर याच बाजूला राहणे सोयीचे.

१९९२ च्या हद्दवाढीनंतर शहर बाहेरच्या अंगाने पसरले. जुळे सोलापूर, सैफुल, आसरा चौक आणि होटगी रस्ता येथे नवी अपार्टमेंट अधिक आहेत. विद्यापीठ केगावला असल्यामुळे तेथील विद्यार्थ्यांनी आणि चिंचोळी एमआयडीसीत जाणाऱ्यांनी बाळे परिसर पाहावा, म्हणजे रोज शहर ओलांडावे लागत नाही. सिव्हिल हॉस्पिटल किंवा न्यायालयात काम असणाऱ्यांना सात रस्ता आणि रेल्वे लाइन्स हे भाग जवळ पडतात. हद्दवाढ भागातील नव्या वसाहतीत घर घेताना रस्ता डांबरी आहे का आणि ड्रेनेज जोडले आहे का, हे पावसाळ्यात एकदा पाहिल्याशिवाय समाधान मानू नये.

आता कागदपत्रांविषयी, कारण येथे ओळखीवर घर देण्याची पद्धत अजून आहे आणि "कागदाचं काय एवढं" असे प्रेमाने म्हटले जाते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार अकरा महिन्यांचा असल्यास नोंदणी लागत नाही, हा समज चुकीचा आहे. नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, हे घरमालकाला शांतपणे सांगितले की तो बहुधा तयार होतो. महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क एक हजार रुपये आहे, मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर पाव टक्का या दराने निघते, आणि नोंदणी ऑनलाइन करता येते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्यासही टाळाटाळ करू नये.

डिपॉझिटची रक्कम करारात लिहूनच द्यावी आणि ती बँकेतून द्यावी. माझ्या पहिल्या घरमालकाने घर सोडताना रंगकामाच्या नावाखाली निम्मे डिपॉझिट कापून घेतले, आणि भिंतींवरचे डाग माझ्या आधीचे होते हे दाखवायला माझ्याजवळ काही नव्हते. तेव्हापासून मी किल्ली हातात आल्यावर सामान आत नेण्यापूर्वी प्रत्येक खोलीची, नळांची आणि महावितरणच्या मीटरवरील आकड्याची छायाचित्रे काढून घरमालकाला त्याच दिवशी पाठवतो.

सामान हलवण्याचा दिवस पाण्याच्या पाळीच्या आदल्या दिवशी ठेवावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी हौद भरताना आपण घरात असतो. घर किल्ला, होम मैदान किंवा सिद्धेश्वर मंदिराच्या बाजूला असेल, तर संक्रांतीचा आठवडा मात्र टाळावा. तेव्हा भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांच्या मार्गावर टेम्पो आत जाऊ शकत नाही.