खडबडीत जमिनीवरची रिमोट गाडी : या चुका टाळा

रविवारी सकाळी पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीजवळ आम्ही चार-पाच जण आपापल्या रिमोटच्या गाड्या घेऊन जमतो. हल्ली कॉलेजची मुलंही प्रोजेक्ट घेऊन येतात, त्याचा मला फार आनंद आहे. पण गाडी उलटली की प्रत्येकाच्या तोंडी पहिला प्रश्न तोच : "काका, याहून ताकदवान मोटर कुठली लावू?" तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मोटर हव्या तेवढ्या मिळतात. पण उलटणाऱ्या गाडीला मोठी मोटर लावली तर ती आणखी जोरात उलटते. गाडी दगडांवर टिकते ती दोन गोष्टींमुळे : वजन खाली असतं आणि सगळी चाकं जमिनीला धरून असतात. मोटरचा नंबर त्यानंतर लागतो.

बॅटरी वरच्या मजल्यावर

बॅटरी काढा-घालायला सोपी म्हणून सगळे ती सर्वांत वर ठेवतात. मी इतक्या गाड्यांमध्ये हे पाहिलंय की आता गाडी हातात आली की आधी बॅटरी कुठे आहे तेच बघतो.

हिशेब सोपा आहे. डाव्या-उजव्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर घ्या, त्याचं अर्ध करा आणि गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. आलेला आकडा म्हणजे गाडी कडेवर उलटण्याच्या कोनाचा टॅन. चाकांमध्ये 190 मिलिमीटर अंतर आणि गुरुत्वमध्य 110 मिलिमीटर उंचीवर असेल तर कोन येतो साधारण 41 अंश. आता समजा गाडी 2 किलोची आहे आणि तिची 300 ग्रॅमची बॅटरी 140 मिलिमीटरवरून 50 मिलिमीटरवर आणली. गुरुत्वमध्य साडेतेरा मिलिमीटर खाली येतो आणि कोन 45 अंशांच्या जवळ जातो. खर्च शून्य. प्रत्यक्षात टायर दबतो, उताराकडची स्प्रिंग बसते, त्यामुळे कागदावरच्या कोनापेक्षा गाडी लवकरच उलटते. म्हणून कागदावर विसंबू नका.

माझी सवय अशी : दोन फुटी प्लायवूडची फळी, खालच्या कडेला एक बारीक पट्टी ठोकलेली, म्हणजे चाकं घसरत नाहीत. गाडी आडवी ठेवायची, फळी हळूहळू उचलायची आणि वरची चाकं सुटली की फोनमधल्या कोनमापकावर आकडा वाचायचा. दोन्ही कुशींवर मोजायचं, कारण मोटर किंवा बॅटरी एका बाजूला सरकलेली असली की दोन आकडे वेगळे येतात. आकडा गाडीच्या पोटावर मार्करने लिहून ठेवतो. बदल केला की पुन्हा मोजतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण नव्या मुलांना पाच मिनिटं धीर नसतो आणि मग दर रविवारी ती नवी बॉडी रंगवत बसतात.

वजन खाली नेल्यावरही कमी पडलं तर टायरवाल्याकडून व्हील बॅलन्सिंगचे चिकटवायचे शिशाचे तुकडे आणा आणि चाकाच्या रिममध्ये आतून गोल चिकटवा, पुढच्या चाकांना जास्त. चढावर पुढचं टोक उचललं जात नाही. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा. लहान मुलांना ते काम देऊ नका.

'प्रज्ञान'ची नक्कल, पण अर्धीच

23 ऑगस्ट 2023 ला चांद्रयान-3 'प्रज्ञान' रोव्हर घेऊन चंद्रावर उतरलं आणि तेव्हापासून सहा चाकांचे रोव्हर बनवणाऱ्यांची संख्या खूप वाढली. पीव्हीसी पाइप, एल्बो, सहा जॉन्सन मोटर (गिअर लावलेल्या), वर एक पेटी. चांगली गोष्ट आहे. रॉकर-बोगी, म्हणजे दोन्ही बाजूंना डोलणारा एकेक मोठा दांडा (रॉकर) आणि त्याच्या एका टोकाला दोन चाकांचा डोलणारा लहान दांडा (बोगी), ही फार सुंदर रचना आहे. 1997 साली नासाचं सोजर्नर याच रचनेवर मंगळावर चाललं, त्यानंतरचे मोठे रोव्हरही. तिच्यात स्प्रिंग नाही, तरी सहाही चाकं जमिनीवर राहतात.

पण या रचनेचा जीव दोन बाजूंच्या रॉकरना जोडणाऱ्या डिफरन्शियलमध्ये (एक रॉकर वर गेला की दुसऱ्याला तेवढाच खाली ढकलणाऱ्या जोडात) असतो आणि नेमका तोच भाग मुलं गाळतात. मग पेटी दोन्ही रॉकरच्या मध्ये सैल लोंबकळते, पुढे किंवा मागे कलंडते. त्यावर उपाय म्हणून मुलं रॉकरचे नट करकचून आवळतात. झालं, सहा चाकांचा एक ताठ पाट तयार.

गेल्या जानेवारीत असाच एक रोव्हर टेकडीवर आला. तिसऱ्या वर्षाची चार मुलं, दोन महिन्यांची मेहनत, पाइपांची कापणी अगदी नेटकी. मी रॉकर हाताने हलवून पाहिला, हलला नाही. विचारलं तर म्हणाले, "काका, पेटी हलत होती म्हणून टाइट केलं." मी म्हटलं, आज सपाटीवर चालवा, दगडावर नेऊ नका. सबमिशन चार दिवसांवर आलं होतं आणि त्यांना व्हिडिओ हवा होता.

डावं पुढचं चाक विटेएवढ्या दगडावर चढलं आणि अख्खा सांगाडा तिरका झाला. उजवीकडची दोन चाकं हवेत गरगर फिरायला लागली. मोटर 300 आरपीएमच्या, चाकं 10 सेंटीमीटरची, म्हणजे सेकंदाला दीड मीटरहून जास्त वेग. प्रज्ञान सेकंदाला 1 सेंटीमीटर चालत होतं. रिमोटवाल्याने घाबरून पूर्ण थ्रॉटल दिला, हवेतल्या चाकाने खाली टेकताच पकड घेतली आणि रोव्हर पाठीवर आपटला. लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी अर्थातच सर्वांत वर होती. ती दगडावर चेपली, फुगली आणि धूर यायला लागला. आम्ही मुलांना लांब केलं, वाळू टाकली आणि शांत होईपर्यंत उभे राहिलो. कोणाला काही झालं नाही. पण त्या मुलांचे चेहरे मला अजून आठवतात. माझाही जीव त्या दिवशी खालीवर झाला होता. तेव्हापासून पोटात पत्र्याच्या किंवा जाड प्लास्टिकच्या पेटीत न बसवलेली लिपो मी टेकडीवर चालवू देत नाही.

दुरुस्ती एका संध्याकाळची होती. रॉकरच्या बोल्टला नायलॉक नट (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे सैल न होणारे) लावले, इतकेच घट्ट की रॉकर बोटाने फिरावा. पेटीच्या माथ्यावर अ‍ॅल्युमिनियमची आडवी पट्टी मधोमध एका पिनवर बसवली, तिची दोन टोकं सायकलच्या स्पोकच्या तुकड्यांनी दोन रॉकरना जोडली. मंगळावरच्या क्युरिऑसिटी रोव्हरच्या पाठीवर असाच दांडा आहे. आता एक रॉकर 20 अंश वर गेला तर पेटी फक्त 10 अंश कलते. मोटर 60 आरपीएमच्या घातल्या. पुढच्या रविवारी त्याच दगडावरून रोव्हर गेला आणि पेटीवर ठेवलेला पेला पडला नाही.

चारच चाकांची गाडी करत असाल तर रॉकर-बोगीच्या मागे लागू नका. ट्रॅक्टरखाली वाकून बघा. पुढचा अ‍ॅक्सल मधल्या एका पिनवर डोलतो. एवढंच करा. ताठ चासीची चार चाकं उंचसखल जमिनीवर एका वेळी तीनच टेकतात. तपासायला चारही चाकांखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवा, एका चाकाखाली वीट सरकवा आणि बाकीच्या पट्ट्या ओढून बघा. जी अलगद निघाली ते चाक फुकट फिरणार.

बाकीच्या चुका थोडक्यात

गाडी डोलते म्हणून कडक स्प्रिंग घालू नका. गाडी स्वतःच्या वजनाने शॉक अब्सॉर्बरच्या हालचालीच्या तिसऱ्या हिश्शाएवढी बसली पाहिजे, नाहीतर खड्ड्यात चाक खाली उतरणार नाही.

शॉकमध्ये तेल भरल्यावर पिस्टन सावकाश वरखाली करून बुडबुडे काढा.

धातूला धातू लागतो तिथल्या प्रत्येक स्क्रूला थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब. नायलॉक नटला नको.

बीओ मोटर (पिवळ्या प्लास्टिकच्या खोक्यातली) फरशीसाठी आहे. तिचे प्लास्टिकचे गिअर दगडांवर टिकत नाहीत.

ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट आणि जमीन यांतलं अंतर) वाढवायला गाडी उंच करू नका, आधी पोटाखाली लोंबणाऱ्या वायरी आणि स्क्रूची डोकी आत घ्या. बहुतेकदा तेवढ्यानेच भागतं.

पावसाळ्यात टायरच्या आतला फोम पाणी पितो आणि चारही चाकं वेगवेगळ्या वजनाची होतात. रिमची भोकं टेपने बंद करा आणि टायरच्या नक्षीत समोरासमोर दोन बारीक भोकं पाडा. चाक फिरलं की पाणी बाहेर फेकलं जातं.