दुरुस्त्यांचा तक्ता: वास्तुकारांचे चरित्र लिहू पाहणाऱ्यांसाठी

कलासमीक्षक म्हणून माझी सुरुवात जहांगीर कलादालनातील प्रदर्शनांच्या परीक्षणांपासून झाली. साप्ताहिकासाठी चारशे शब्द लिहायचे आणि त्यांत तीन प्रदर्शने बसवायची, असा तो व्यवहार होता. चित्रासमोर उभे राहिले की चित्र दिसते, या सोयीची मला इतकी सवय झाली होती की वास्तुकलेवर लिहायला घेतल्यावरही पहिली दोन वर्षे मी इमारतींकडे चित्रासारखेच पाहत राहिले, म्हणजे समोरच्या फुटपाथवरून, चांगल्या उजेडात आणि एकदाच. या क्षेत्रात येऊ पाहणारे विद्यार्थी बहुधा पदवी कोणती घ्यावी हे विचारतात. वास्तुकलेची असेल तर नकाशे वाचणे सोपे जाते, कलेच्या इतिहासाची असेल तर लिहिणे. जे नसेल ते मागाहून शिकावे लागते. अवघड भाग निराळाच आहे.

वास्तुकार चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांच्या मुंबईतील कांचनजंगा या उंच निवासी इमारतीवर मी लिहिलेला पहिला लेख आज मला वाचवत नाही. कोपऱ्यांतून कापून काढलेल्या त्या दुमजली उंचीच्या गच्च्यांना मी ‘शिल्पातील पोकळी’ म्हटले होते, आणि डिसेंबरातल्या स्वच्छ उन्हात ते मला पटलेही होते. पुढे ऑगस्टमध्ये, छत्री उलटी होईल अशा वाऱ्यात त्याच रस्त्याने जाताना प्रथमच ध्यानात आले की मुंबईत समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेकडून मिळतो, पण दुपारचे ऊन आणि पावसाची झड हीसुद्धा त्याच बाजूने येते. जुन्या बंगल्यांनी खोल्यांभोवती व्हरांडा ठेवून जे साधले होते, तेच कोरियांनी इथे उंचावर नेले आहे. म्हणजे माझ्या त्या पोकळीला चोख काम नेमून दिलेले होते. तेव्हापासून कोणतीही इमारत पावसाळ्यात एकदा पाहिल्याशिवाय मी तिच्यावर लिहीत नाही. शक्य झाल्यास आत जाते आणि तिथल्या सफाई कामगाराशी बोलते, कारण पाणी कुठे मुरते हे त्याला नेमके ठाऊक असते.

समीक्षेतून मी चरित्राकडे वळले ती एका ज्येष्ठ वास्तुकारांमुळे. कुटुंबीयांच्या इच्छेनुसार त्यांचे नाव येथे देत नाही. त्यांच्या मी एकूण अकरा मुलाखती घेतल्या. त्यांतल्या तीन मुलाखतींत त्यांनी एका महाविद्यालयाच्या इमारतीचा जिना आपल्याला पहिल्या रेखाटनातच कसा ‘दिसला’ होता, ते फार सुंदर रीतीने सांगितले. मी ते तसेच छापले. पुस्तक बाजारात आल्यानंतर चार महिन्यांनी त्यांच्या कार्यालयात पूर्वी काम केलेल्या एका ड्राफ्ट्समनचा, म्हणजे नकाशे आखणाऱ्याचा, मला फोन आला. ते डोंबिवलीत राहत होते. मी गेले तेव्हा त्यांनी पलंगाखालून पत्र्याची नळी काढली आणि तिच्यातून एक जुनी अमोनिया प्रिंट, म्हणजे अमोनियाच्या वाफेवर काढलेली नकाशाची प्रत, माझ्यापुढे उलगडली. कागद घड्यांवर विरलेला होता आणि निळसर रेघा तपकिरी पडू लागल्या होत्या. अशा नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात प्रकल्पाचे नाव, प्रमाण आणि तारीख असते, आणि त्याच्या वरच्या बाजूला दुरुस्त्यांचा तक्ता, म्हणजे नकाशात केलेल्या बदलांची यादी. त्या तक्त्यात पाचव्या ओळीत जिना उत्तरेकडे हलवल्याची नोंद होती आणि पुढे आद्याक्षरे होती ती एका सहायकाची.

“अहो ताई, तो जिना साहेबांनी नाही हलवला,” ड्राफ्ट्समन काका म्हणाले, “फायर ब्रिगेडच्या शेऱ्याने हलवला. साहेब तर आठवडाभर चिडलेले होते.”

वास्तुकार माझ्याशी खोटे बोलले, असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. चाळीस वर्षांनी माणसाला आपली चांगली इमारत पहिल्यापासून तशीच होती असे मनापासून वाटू लागते. म्हणून नवोदितांना माझे सांगणे असे आहे की मुलाखत शेवटी घ्यावी. आधी इमारत पाहावी, मग नकाशांचे एकामागून एक निघालेले संच तारखेप्रमाणे लावावेत, मग पालिकेची फाइल मिळवावी. या फाइलीत प्रारंभ प्रमाणपत्र (काम सुरू करण्याची परवानगी) आणि भोगवटा प्रमाणपत्र (पुऱ्या झालेल्या इमारतीच्या वापराची परवानगी) अशा दोन वेगवेगळ्या तारखा असतात, आणि इमारतीचे ‘साल’ देताना कोणती तारीख धरली ते स्पष्ट लिहावे लागते. कांचनजंगाचे काम १९७० मध्ये हाती घेतले गेले आणि १९८३ मध्ये पुरे झाले; यांपैकी एकच साल दिले तर वाचकाला तेरा वर्षांचा हिशोब लागत नाही.

आद्याक्षरांचा, म्हणजे काम नेमके कुणाचे याचा, प्रश्न तर याहून नाजूक आहे. अहमदाबादच्या आय.आय.एम.च्या विटांच्या कमानी म्हटल्या की अमेरिकन वास्तुकार लुई कान हे एकच नाव घेतले जाते. परंतु वास्तुकार बाळकृष्ण दोशी यांनी कान यांना या कामावर आणले आणि १९७४ मध्ये कान यांच्या निधनानंतर त्या परिसराचे पुढचे काम अनंत राजे यांनी केले. चंडीगढ शहराच्या रचनेत स्विस-फ्रेंच वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांच्या नावाखाली त्यांचे चुलतभाऊ पिएर झानरे, जेन ड्रू आणि मॅक्सवेल फ्राय झाकले जातात. दिल्लीचे हॉल ऑफ नेशन्स हे प्रदर्शन-सभागृह वास्तुकार राज रेवाल यांचे, पण त्याचा काँक्रीटचा सांगाडा उभा राहिला तो अभियंता महेंद्र राज यांच्यामुळे. ती १९७२ मधली इमारत एप्रिल २०१७ मध्ये पाडली गेली, आणि तिच्यावरचे कितीतरी चांगले लेखन त्यानंतर झाले, याची आम्हा समीक्षकांना थोडी लाज वाटायला हवी.

कागद कुठे असतात, हे ज्याचे त्याचे नशीब. कोरियांनी आपले नकाशे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्सकडे सोपवले, कान यांचे कागद फिलाडेल्फियात, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आहेत, ल कॉर्ब्युझिए यांचे पॅरिसमधील त्यांच्याच नावाच्या प्रतिष्ठानात. आपल्याकडच्या मधल्या फळीतील वास्तुकारांचे कागद मात्र माळ्यावर, ताडपत्रीखाली आणि वाळवीच्या ताब्यात असतात. कोकणातल्या आचऱ्यात जन्मलेले वास्तुकार अच्युत कानविंदे हार्वर्डला जर्मन वास्तुकार वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली शिकले आणि कानपूरच्या आय.आय.टी.ची वास्तुरचना त्यांनी केली, हे मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत असते. त्यांच्या पिढीतल्या कमी प्रसिद्ध माणसांचे काय झाले असेल याची कल्पना त्यावरून करावी.

व्यवहाराचे थोडक्यात सांगते. या लेखनावर घर चालत नाही. मी वीस वर्षे शिकवून चालवले. कुटुंबीयांनी कागद पाहू देण्यापूर्वीच, छापण्याआधी मजकुरात त्यांना काय बदलता येईल आणि काय नाही, हे लेखी ठरवून घ्यावे. मी एकदा तोंडी ठरवले आणि एक संपूर्ण प्रकरण गमावले. भारतीय कायद्याप्रमाणे इमारतीचे छायाचित्र छापल्याने प्रताधिकाराचा भंग होत नाही, पण नकाशा ही स्वतंत्र कलाकृती असून तिच्यावरचा हक्क वास्तुकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. प्रकाशकाला हा फरक आपणच समजावून सांगावा लागतो.

दुसऱ्या आवृत्तीत मी जिन्याची हकीकत दुरुस्त केली, सहायकाचे नाव मजकुरात घातले आणि ती अमोनिया प्रिंट पानभर छापली. प्रत द्यायला डोंबिवलीला गेले तेव्हा काकांनी मजकूर वाचलाच नाही. त्यांनी ते पान काढले, खणातून आपली जुनी त्रिकोणी मोजपट्टी आणून नकाशावर ठेवली आणि चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले, “ताई, कोपऱ्यात एकास पन्नास लिहिलंय, पण तुम्ही नकाशा लहान करून छापलाय. आता हे प्रमाण खोटं झालं. खाली मोजपट्टीची रेघ आखायला हवी होती.”