न्यूझीलंडला येताना : खाऊ, मसाले आणि सीमेवरची तपासणी

नोकरी-शिक्षणासाठी न्यूझीलंडला येणाऱ्या मराठी कुटुंबांचा पहिला प्रश्न गोडा मसाला, मेतकूट आणि आईने बांधून दिलेल्या लाडवांचा असतो. काय चालते आणि काय नाही याच्या याद्या सगळीकडे फिरत असतात. त्या पाठ करण्यापेक्षा माझा सल्ला असा, की खाण्याचे, झाडापासून किंवा प्राण्यापासून आलेले जे काही सामानात असेल, ते सगळे जाहीर करावे. जाहीर केलेली वस्तू नियमात बसली नाही, तर फार तर ती वस्तू जाते. न सांगितलेली सापडली, तर जागीच 400 डॉलरचा दंड होतो आणि "विसरलो" ही सबब चालत नाही.

सामानात काय आहे हे जाहीर करण्याची ही माहिती प्रवासाच्या सुरुवातीच्या आधीच्या 24 तासांत सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य भरता येते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहावे. घरगुती मसाल्याची बिनलेबलाची पिशवी अधिकाऱ्याला दहा प्रश्न विचारायला लावते. कंपनीचे बंद पाकीट, त्यावरचे इंग्रजी लेबल आणि सगळा खाऊ एकाच बॅगेत वरच्या थरात, एवढे केले की काम लवकर आटोपते. मध मात्र आणूच नये. ताजी फळे, कढीपत्ता, विड्याची पाने, दूर्वा आणि पेरल्यास उगवेल असे बी घरीच ठेवावे. पूजेचे साहित्यही यातून सुटत नाही, आणि मातीने माखलेले बूटही जाहीर करावे लागतात.

हा कडकपणा उगाच नाही. दूध, मांस आणि फळे यांच्या निर्यातीवर हा देश उभा आहे आणि जनावरांचा लाळ्या-खुरकूत रोग येथे कधीच आलेला नाही. भारतात तो असल्यामुळेच पेढे-बर्फीकडे येथे संशयाने पाहिले जाते. 2000 साली मधमाश्यांवरील व्हरोआ हा परजीवी कोळी येथे आढळला, 2010 मध्ये टे पुके भागातील किवीच्या बागांवर जिवाणूजन्य पीएसए रोग पसरला. 2015 मध्ये ऑकलंडच्या ग्रे लिन भागात क्वीन्सलंड फळमाशी सापडली, तेव्हा तेथील रहिवाशांना घरची फळे ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर नेण्याचीही बंदी होती. 1993 च्या जैवसुरक्षा कायद्यामागची भीती अशी प्रत्यक्षातली आहे. भारतातून नातेवाइकांनी पाठवलेल्या पार्सललाही हेच नियम लागू असतात, हे त्यांनाही आधीच सांगून ठेवावे.

तसे पाहता फार आणावेही लागत नाही. ऑकलंडच्या सँडरिंगहॅम रस्त्यावरच्या दुकानांत डाळी, पोहे, रवा मिळतो, आणि कीड मारण्यासाठी उष्णतेची प्रक्रिया केलेली पपई, वांगी फिजीहून येतात. हापूस बॅगेतून आणता येत नसला, तरी वाफेच्या उष्णतेची प्रक्रिया केलेला भारतीय आंबा व्यापारी मार्गाने येथे येऊ शकतो.

येथे आल्यावर मसाले आणून विकावेत, असा विचार अनेकांच्या मनात येतो. 2014 च्या अन्न कायद्यानुसार विक्रीसाठी अन्न आणणाऱ्याला प्राथमिक उद्योग मंत्रालयाकडे आयातदार म्हणून नोंदणी करावी लागते किंवा नोंदणीकृत आयातदारामार्फत माल आणावा लागतो. शेंगदाणे आणि पिस्ते यांच्यावर अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषामुळे विशेष लक्ष असते. त्यांना वेगळी मंजुरी लागते. म्हणून कंटेनरची मागणी नोंदवण्यापूर्वीच पुरवठादाराकडे चाचणीची कागदपत्रे मागावीत. माल बंदरात अडकून पडला, तर साठवणुकीचे भाडे आयातदाराच्याच अंगावर पडते.