नंदीच्या चित्रातून नातवाचं नाव काढलं

तान्ह्या पोळ्यासाठी नागपूरच्या इतवारीतल्या एका काकांना लाकडी नंदीचं चित्र कम्फीयूआय या एआय चित्रं बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर करून दिलं. दर्जा टिकावा म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट करून पाठवणार होतो. त्याआधी सहज तीच पीएनजी (चित्राची फाईल) कम्फीयूआयमध्ये ओढून टाकली, तर अख्खा वर्कफ्लो, म्हणजे चित्र कसं बनवलं त्याची सगळी मांडणी, उघडला! एआय मॉडेल, सीड (चित्राच्या सुरुवातीचा आकडा), आणि पूर्ण प्रॉम्प्ट, म्हणजे चित्रासाठी लिहिलेली सूचना. त्यात काकांच्या नातवाचं नाव अन् शाळासुद्धा. पोटात गोळाच आला. लेकराची माहिती अशी गावभर फिरायला नको.

फाईलचं नाव बदलून काही होत नाही, मजकूर पीएनजीच्या आतच असतो. शेवटी एक्झिफटूल हे फाईलमधली लपलेली माहिती पुसणारं साधन वापरलं: आज्ञेत उणे चिन्ह, लगेच ऑल, बरोबरचं चिन्ह, मग जागा सोडून फाईलचं नाव. एका झटक्यात साफ. पण थांबा, शेजारीच 'ओरिजिनल' शेपटी लागलेली जुनी प्रत उरते, तीही पुसा. माझ्याकडून तीच पुसायची राहणार होती. नवी फाईल पुन्हा ओढून पाहिली, काहीच उघडलं नाही.

चित्र एआयचं आहे हे मात्र मी लपवत नाही. कोपऱ्यात तसं लिहूनच काकांना पाठवलं.