मूतखड्याने मूत्रवाहिनी अडल्यास उपचार कसा ठरवावा

मूतखडा मूत्रपिंडातून निसटून मूत्रवाहिनीत, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या नळीत, अडकला की त्याच्यामागे लघवी तुंबते, मूत्रपिंड फुगते आणि कमरेपासून जांघेपर्यंत असह्य कळा येतात. अशा वेळी खडा किती मिलिमीटरचा आहे याआधी थंडीताप आहे का, लघवी पूर्ण बंद झाली आहे का, रुग्णाला एकच मूत्रपिंड आहे का किंवा ती गरोदर आहे का, हे पाहावे. यांपैकी एक जरी गोष्ट असली तरी सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तुंबलेल्या लघवीतील संसर्ग पाहता पाहता रक्तात पसरू शकतो. म्हणून डॉक्टर प्रतिजैविके सुरू करून आतून डीजे स्टेंट ही मऊ नळी बसवतात किंवा पाठीतून मूत्रपिंडात नळी घालून लघवीला वाट करून देतात. खडा मात्र संसर्ग आटोक्यात आल्यावरच काढतात. नातेवाइकांना हा उशीर खटकतो, पण तो रुग्णाच्या हिताचाच असतो.

धोक्याची लक्षणे नसतील, मूत्रपिंडाचे काम दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन ठीक असेल आणि वेदना औषधांनी थांबत असतील, तर 5 मिलिमीटरपर्यंतचा खडा बहुधा आपोआप पडतो. त्याहून मोठा, पण 10 मिलिमीटरच्या आतला खडा मूत्रवाहिनीच्या खालच्या भागात असल्यास मूत्रवाहिनी सैल करणाऱ्या टॅम्सुलोसिन या औषधाचा उपयोग होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली 4 ते 6 आठवडे थांबता येते. तेवढ्यात लघवी गाळून करावी आणि सापडलेला खडा तपासणीस द्यावा. कळ येत असताना तांब्याभर पाणी पिऊन खडा पुढे ढकलला जात नाही. कुळथाचे कढण आहार म्हणून घ्यावे, पण त्याच्या किंवा पानफुटीच्या भरवशावर तपासणी टाळू नये, कारण कळ थांबली तरी खडा तिथेच राहून मूत्रपिंड गुपचूप निकामी होऊ शकते.

खडा मोठा असेल किंवा सरकत नसेल, तर लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून तो लेझरने फोडतात. यासाठी भूल लागते, पण बहुतेकदा एका खेपेत काम होते. बाहेरून आघातलहरींनी फोडण्यात दुर्बीण आत घालावी लागत नाही, मात्र खेपा वाढू शकतात, आणि गरोदरपणात किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना हा मार्ग चालत नाही.

स्टेंट बसवला असेल, तर तो काढण्याची तारीख डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावी. लघवी करताना कमरेत दुखणे किंवा थोडे रक्त जाणे त्यात अपेक्षित असते, ताप मात्र नाही. त्रास थांबल्यावर स्टेंटचा विसर पडतो आणि महिनोन्‌महिने राहिलेल्या नळीवरच नवे खडे धरतात. मग ती काढायलाही शस्त्रक्रिया करावी लागू शकते.