लहानपणीचा मारियो, काँट्रा, डेव्ह पुन्हा खेळायचाय? मग असं करा

फोनवर मारियो उतरवायचा, दहा मिनिटं काचेवर अंगठे घासायचे, पहिल्याच खड्ड्यात तीनदा पडायचं आणि ‘वय झालं आता’ म्हणून बंद करायचं. जुने गेम पुन्हा खेळायला घेणाऱ्या बऱ्याच जणांचं हेच होतं. वयाचा दोष असेल थोडाफार, पण त्याहून मोठा दोष असतो टीव्हीचा, बटणांचा आणि कुठूनतरी उचललेल्या भलत्याच कॉपीचा. डावीकडून उजवीकडे पळत उड्या मारायचे हे गेम सगळे वेळेवर चालतात. बटण दाबणं आणि पडद्यावर उडी दिसणं यातलं अंतर वाढलं की गेमची मजाच जाते. म्हणून आधी ती वेळ सांभाळायची, बाकीच्या हौशी नंतर.

१. नेमका कोणता गेम, ते आठवा

नव्वदच्या दशकात आपण ज्याला नुसतं ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचो, तो बहुधा निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्राची नक्कल असायचा. कुणाकडे समुराई, कुणाकडे लिटल मास्टर, कुणाकडे नावच नसलेला. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असं छापलेलं, आणि आत खरे गेम मोजकेच. तोच गेम दुसऱ्या स्टेजपासून, जास्त लाइफ देऊन, नाव बदलून यादीत पुन्हा पुन्हा यायचा. त्यामुळे तुम्हाला आठवतंय ते गेमचं खरं नाव असेलच असं नाही. खुणेवरून शोधा.

पाईप, मश्रूम, कासवं असतील तर तो १९८५चा ‘सुपर मारियो ब्रदर्स’. उघड्या अंगाचे दोन बंदूकवाले असतील तर ‘काँट्रा’; फॅमिकॉमवर तो १९८८मध्ये आला. टोपीवाला गडी फळं खात, दगडी कुऱ्हाडी फेकत, मधेच स्केटबोर्डवर चढत असेल तर ‘ॲडव्हेंचर आयलंड’. सिंहावर बसून आगीच्या रिंगमधून उडी असेल तर ‘सर्कस चार्ली’. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सर बाहेर गेले की जो सुरू व्हायचा, कप उचलल्याशिवाय ज्याचं दार उघडायचं नाही, तो ‘डेंजरस डेव्ह’.

यातला एकच निवडा. ज्याचं पहिलं स्टेज डोळे मिटून आठवतं, तो. यादीतले पन्नास गेम एका रविवारी चाळले की एकही खेळून होत नाही.

२. गेम आणायचा कुठून

मारियोसाठी सरळ रस्ता म्हणजे निन्टेन्डो स्विच आणि त्यावरची वर्गणीवाली ऑनलाइन सेवा. जुने फॅमिकॉम गेम तिथे आहेत आणि खेळ मागे न्यायची सोयही आहे. फक्त गेमसाठी यंत्र घ्यायचं तर खर्च बराच, त्यामुळे आधी ओळखीत कुणाकडे आहे का ते विचारा. काँट्रासाठी कोनामीने २०१९मध्ये काढलेला ‘काँट्रा ॲनिव्हर्सरी कलेक्शन’ साध्या कॉम्प्युटरवरही चालतो. सोनिक खेळला असाल तर सेगाने तो स्वतःच फोनसाठी काढलाय.

एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर, वापरण्यात गैर काही नाही. पण गेमची फाईल कुठल्याही साइटवरून उतरवली तर ती पायरसीच. रस्त्यावर मिळणारे हातात धरायचे ‘४०० इन १’ डबेही त्याच जातीचे, शिवाय त्यांची बटणं रुततात. लहान मुलाला खेळणं म्हणून ठीक. तुम्हाला जे परत हवंय ते त्यात मिळणार नाही.

३. टीव्ही ताळ्यावर आणा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. आजचे टीव्ही आलेलं चित्र आधी घासूनपुसून घेतात आणि मग दाखवतात. सिनेमा बघताना ते कळत नाही. गेममध्ये मात्र तुमचं बटण आणि पडद्यावरची उडी यात फट पडते. हिशेब करून बघा. मूळ मारियो सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, दाखवतो, आणि पूर्ण वेगात पळताना तो एका फ्रेमला सुमारे अडीच पिक्सेल पुढे जातो. टीव्हीने १०० मिलिसेकंद उशीर केला तर सहा फ्रेम गेल्या, म्हणजे १५ पिक्सेल. मारियोतली एक वीट १६ पिक्सेलची असते. थोडक्यात, तुम्ही खड्ड्याच्या काठावर बटण दाबता तेव्हा मारियो खरा एक वीट पुढे गेलेला असतो. हात गेलेला नाही तुमचा, टीव्ही मागे पडलाय.

उपाय सोपा आहे. टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ शोधा आणि चालू करा. तो नसेल तर चित्र गुळगुळीत करणारे सगळे पर्याय एकेक करून बंद करा. मग चित्राचा आकार ४:३ करा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या. पडदाभर ताणलं की मारियो बुटका आणि लठ्ठ दिसतो, आणि उडीचा अंदाजही चुकतो.

आता आणखी एक गोष्ट, जी फारसं कुणी सांगत नाही. आपल्याकडचे तेव्हाचे टीव्ही पाल पद्धतीचे, सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारे. पाल टीव्हीसाठी बनवलेल्या नकली यंत्रांवर ६० फ्रेमचा गेम ५०च्या चालीने चालायचा, म्हणजे सगळंच सहाव्या हिश्शाने संथ. कासवं संथ, उडी संथ, गाणंही संथ. त्यातल्या बऱ्याच नकली चिपांमध्ये आवाजाचा पोतही मूळ यंत्रापेक्षा वेगळा यायचा. म्हणून आज अस्सल मारियो लावला की ‘हा फास्ट का पळतोय?’ असं वाटतं, आणि कोजी कोंदोचं मूळ संगीतच परकं वाटतं. एम्युलेटरवर खेळत असाल तर सेटिंगमध्ये ‘पाल’ किंवा ‘डेंडी’ हा पर्याय निवडून बघा. डेंडी हे रशियात गाजलेल्या अशाच एका नकली यंत्राचं नाव. तुमच्या आठवणीतला मारियो कदाचित तिथेच सापडेल. शुद्धतावादी नाकं मुरडतील, मुरडू द्या.

(बदकं मारायची बंदूक कुणी विचारेलच. ती नव्या टीव्हीवर चालत नाही. घोडा दाबल्यावर पडदा क्षणभर काळा करून बदकाच्या जागी पांढरा चौकोन दाखवायचा, आणि बंदुकीच्या नळीतल्या सेन्सरला तो उजेड ठरल्या वेळी दिसला पाहिजे, अशी ती युक्ती होती. ती जुन्या पिक्चर ट्यूबवरच जमते.)

४. हातात काय धरायचं

फोनची काच नको. बोटाला बटणाची कड लागत नाही, आणि कड लागल्याशिवाय हे गेम जमत नाहीत. वायरवाला साधा कंट्रोलर घ्या, पण त्यावर अधिकचिन्हासारखी चार दिशांची बटणं हवीत. गोल फिरणारी दांडी या गेमसाठी बनलेलीच नाही.

मारियोत ‘बी’ म्हणजे पळणं आणि ‘ए’ म्हणजे उडी. दोन्हींसाठी अंगठा एकच. अंगठ्याचं टोक बीवर दाबून ठेवायचं आणि मधला भाग एवर टेकवायचा. पळता पळता उडी मारायची तर अंगठा उचलायचा नाही, नुसता कलवायचा. नव्या कंट्रोलरवर बटणं लावताना पळण्याचं बटण डावीकडे आणि उडीचं खाली किंवा उजवीकडे, अगदी शेजारी ठेवा, म्हणजे ही कलवण्याची जागा जुळते. बटण जितका वेळ दाबाल तितकी उडी उंच जाते, हेही डोक्यात आहे असं वाटतं, पण बोटांना परत शिकवावं लागतं.

५. माळ्यावरचा संच काढणार असाल तर

आधी अडॅप्टर तपासा. व्होल्टेज आणि पिनचं आतलं टोक प्लस की मायनस, हे यंत्रावर लिहिल्याप्रमाणेच हवं. घरात सापडला तो अडॅप्टर खुपसू नका. कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय मात्र सोडा. तोंडातल्या ओलाव्याने तिच्या पट्ट्या गंजतात, आणि खुद्द निन्टेन्डोनेच फुंकू नका असं सांगितलंय. कानकाडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पट्ट्या पुसा, पूर्ण सुकू द्या आणि मग लावा. टीव्हीला पिवळी-पांढरी-लाल पिनांची जागा नसेल तर एव्हीचं एचडीएमआय करणारी डबी लागेल. तीही थोडा उशीर घालते, हे लक्षात असू द्या.

६. आता खेळा, पण घाई नको

मारियोचं १-१, म्हणजे पहिल्या वर्ल्डचं पहिलं स्टेज, पहिल्यांदा नुसतं बघत खेळा. सुरुवातीलाच तपकिरी प्राणी अंगावर येतो. काही न केलं तर मरता, म्हणजे उडी शिकलात. मग प्रश्नचिन्हाच्या डब्यातून मश्रूम निघतो, उजवीकडे जातो, खाली पडतो, पाईपवर आपटतो आणि उलटा तुमच्याकडेच येतो. डोक्यावर विटा असल्याने तो टाळणंही अवघड. म्हणजे घाबरलात तरी तो लागतो आणि मारियो मोठा होतो. मारियोचे जनक शिगेरू मियामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे जाणूनबुजून रचलं होतं. हा अख्खा गेम अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसतो. जागा वाचवण्यासाठी ढग आणि झुडपं हे एकच चित्र, नुसता रंग वेगळा.

पहिले दोनतीन दिवस खेळ मागे न्यायचं बटण वापरू नका. ते हाताशी असलं की मेलो काय नि वाचलो काय, मनाला काहीच लागत नाही, आणि मग बोटं शिकत नाहीत. नंतर मात्र जिथे सारखे अडकता तेवढीच जागा मागे नेऊन घोटून घ्या.

सगळे लाइफ संपले तर पहिल्यापासून सुरू करायची गरज नाही. ‘ए’ दाबून धरून ‘स्टार्ट’ दाबा. ज्या वर्ल्डमध्ये मेलात त्याच्याच पहिल्या स्टेजला सुरू होतं. ही युक्ती गेममध्ये मूळचीच आहे, त्यामुळे लबाडी वाटून घेऊ नका. १-२च्या शेवटी छतावरच्या विटांवरून चालत गेलात की वर्ल्ड २, ३ आणि ४चे पाईप लागतात, ते बहुतेकांना माहीत असतं. तरी एकदा शॉर्टकट न घेता सगळी ३२ स्टेज खेळाच. मधली बरीच आपण कधी पाहिलेलीच नसतात.

डेव्हची गोष्ट वेगळी. तो कॉम्प्युटरवर डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुन्या डॉस पीसीच्या एम्युलेटरमध्ये, लावा. वेग जास्त वाटला तर कंट्रोल आणि एफ११, कमी वाटला तर कंट्रोल आणि एफ१२. कंट्रोलने बंदूक, ऑल्टने जेटपॅक. त्यात पडदा मारियोसारखा सरकत नाही. कडेला गेलात की झटक्यात पुढे ढकलला जातो. तेव्हाच्या पीसीला गुळगुळीत सरकणं झेपत नाही, असंच मानलं जायचं. डेव्ह लिहिला जॉन रोमेरोने. १९९०च्या सप्टेंबरमध्ये जॉन कार्मॅक आणि टॉम हॉल या त्याच्या सहकाऱ्यांनी एका रात्रीत ‘मारियो ३’चं पहिलं स्टेज पीसीवर उतरवून दाखवलं, गुळगुळीत सरकणारं, आणि त्यात मारियोच्या जागी डेव्हला पळवलं. त्यातूनच १९९१मध्ये आयडी सॉफ्टवेअर उभी राहिली, पुढे ‘डूम’ काढणारी. आपल्या लॅबमधला तो भुक्कड दिसणारा गेम एवढ्या मोठ्या घरातला.

७. दोघांनी खेळायचं असेल

मारियोत एक मेला की दुसऱ्याचा डाव येतो, त्यामुळे घरातल्या पोरांना बसवायला तो बरा. काँट्रा मात्र एकाच वेळी दोघांचा. सुरुवातीच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, बी, ए, मग दोघांसाठी सिलेक्ट आणि शेवटी स्टार्ट: प्रत्येकी ३० लाइफ. नवख्या जोडीला तेवढे लागतातच. ‘एस’ अक्षराची बंदूक दिसली की ती कुणी घ्यायची हे आधीच ठरवा. तिसऱ्या स्टेजला धबधबा येतो, तिथे पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला गडी फुकट मरतो. जो पुढे आहे त्याने दोन फळ्यांपेक्षा जास्त चढायचं नाही आणि खालचा आल्याशिवाय हलायचं नाही, एवढा नियम धबधब्याआधी पॉज करून पक्का करून घ्या.